कागदाला टाका घालताना: चौकाच्या भित्तिचित्राची पाचवी नोंद

वयाच्या 63व्या वर्षी मी गोधडीची सुई पुन्हा हातात घेतली, त्याला या दिवाळीत तीन वर्षे होतील. आजोळच्या वाड्याच्या चौकाचे अडीच फूट लांबीचे, कापड आणि कागद शिवून केलेले जे भित्तिचित्र मार्चपासून चालू आहे, ते आता निम्म्याहून पुढे गेले आहे. तळाला जुन्या धोतराचे दोन थर आहेत. अंगणासाठी आईच्या इरकली लुगड्याचे काळे सुती अंग, कौलांसाठी त्याच लुगड्याचा लाल टोपपदर आणि चुन्याच्या भिंतींसाठी हातकागद घेतला आहे.

कापडाने फारसे अडवले नाही. कडेपासून धावदोरा घालत आत आत येण्याची, कर्नाटकातील सिद्दी स्त्रियांच्या कवंदीची, म्हणजे त्यांच्या गोधडीची, रीत मी पत्करली आणि थर कोठेही सरकले नाहीत. टोपपदराचे रेशीम मात्र विरले होते, म्हणून त्याला मागून मलमलीचे अस्तर दिले.

खरा अभ्यास कागदाचा झाला. पहिल्या भिंतीवर मी कापडावर घालते तसेच बारीक, लगोलग टाके घातले आणि दोरा ओढताच कागद टपालाच्या तिकिटासारखा भोकांच्या ओळीवर फाटला. तीन दुपारींचे काम उसवावे लागले. कापडात सुई उभ्याआडव्या धाग्यांमधून वाट काढते आणि टाका उसवला की ते धागे पुन्हा जवळ येतात, पण कागदाला पडलेले भोक कायमचे राहते. त्यामुळे आता टाक्यांच्या जागा आधी आखून घेते, कागदाच्या मागे खळीने मलमल चिकटवते, ती पुरती वाळली की टोच्याने भोके पाडते आणि दोन भोकांत किमान 5 मिलिमीटर अंतर ठेवते. सहापदरी दोऱ्याचे दोनच पदर घ्यावेत आणि दोरा आडवा न खेचता सरळ वर ओढावा, म्हणजे भोकाची कड कापली जात नाही.

सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद पुण्यात 1940 पासून हातकागद संस्थेत होत आला आहे. तसल्या कागदाचा फाटका तुकडा भिंगाखाली धरला, तेव्हा कडेला लुगड्याच्या विरलेल्या काठासारखे पांढरे तंतू सुटलेले दिसले. आई ज्या चिंध्या गोधडीत घालत असे, तशाच चिंध्यांचा हा कागद आहे, हे डोळ्यांनी पाहून मला फार आनंद झाला, आणि फाटलेली भिंत टाकून न देता ती तशीच, पोपडे सुटलेल्या भिंतीच्या जागी, लावायचे ठरवले.

अंगठ्याचा सांधा धरतो, म्हणून सकाळी नऊनंतर खिडकीपाशी पाऊण तास आणि विश्रांतीनंतर पुन्हा पाऊण तास, एवढेच काम करते. अॅक्रिलिक रंगाचा जाड थर सुईला दाद देत नाही आणि ताण अंगठ्यावरच येतो. ओसरीच्या कडेला म्हणून पातळ गेरूच फिरवला.

तुळशीवृंदावन अजून राहिले आहे. त्यासाठी गुळेदगुड्डच्या खणाचा जांभळा तुकडा ठेवला आहे. कापताच त्याचे धागे सुटू लागतात, तेव्हा आधी कडा आत दुमडून कच्च्या टाक्याने टाचून घेणार आहे.