शिवण सरळ ठेवा रे!

आपल्या शाळेने मला जे काही शिकवलं त्यात चेंडू धरणं हेही आलं. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मला त्याबद्दलच लिहायचं आहे, कारण भारताचा डावखुरा वेगवान गोलंदाज झहीर खान याची सगळी कारकीर्द मी ज्या नजरेने पाहिली ती नजर शाळेच्या मैदानावर मिळाली.

आमच्या क्रीडाशिक्षकांची एक पद्धत होती. क्रिकेटच्या चेंडूवर मधोमध टाक्यांची शिवण असते, तशी टेनिसच्या चेंडूला मधोमध लाल चिकटपट्टी गुंडाळायची आणि तो आमच्या हातात द्यायचा. पट्टीच्या दोन बाजूंना दोन बोटं, अंगठा खाली पट्टीवरच. सर यष्टींमागे उभे राहायचे आणि फक्त पट्टी बघायचे. ती सरळ फिरत आली की मान डोलायची, डगमगली की हाक यायची, "शिवण सरळ ठेवा रे! मनगट बघा!" यष्टी उडाली तरी पट्टी डगमगली असेल तर शाबासकी नाही. डिसेंबरात, नाशिकच्या थंडीने बोटं आखडलेली असताना आणि गवतावर दव असताना हे चालायचं.

अशात 2000 साली झहीर आला. श्रीरामपूरचा, म्हणजे आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला. मनमाडहून दौंडकडे जाणारी गाडी बेलापूर स्टेशनावर थांबते, तेच त्याचं गाव. अभियांत्रिकीचं शिक्षण सोडून तो मुंबईला गेला, सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबकडून खेळला, माजी वेगवान गोलंदाज टी. ए. शेखर यांच्या नजरेत भरला आणि वेगवान गोलंदाज घडवणाऱ्या चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली यांच्या हाताखाली तयार झाला. त्या ऑक्टोबरात नैरोबीला, आपल्या बाविसाव्या वाढदिवशी, त्याने थेट पायाशी पडणाऱ्या यॉर्करवर ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टीव्ह वॉचा त्रिफळा उडवला आणि आमच्या वर्गात कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. मुंबई-पुण्याचं नाव मागे नसलेला मुलगा भारताचा नवा चेंडू हातात घेतो, ही गोष्ट आमच्यासाठी फार मोठी होती.

2003 च्या विश्वचषकात त्याने 18 बळी घेतले. लोकांनी मात्र लक्षात ठेवलं ते जोहान्सबर्गच्या अंतिम सामन्यातलं पहिलं षटक, 15 धावांचं. मला हा अन्याय वाटत आला आहे. पुढे दुखापती, संघाबाहेर जाणं, हे सगळं झालं.

खरा झहीर मला त्यानंतरचा वाटतो. 2006 मध्ये तो इंग्लंडला वूस्टरशायरकडून काउंटी, म्हणजे तिथलं स्थानिक क्रिकेट, खेळायला गेला आणि त्या हंगामात त्याने 78 बळी काढले. रन-अप आखूड केला, चेंडू टाकण्याआधीची ती उंच उडी कमी केली. वेग थोडा गेला, ताबा आला. इंग्लंडमध्ये रोज गोलंदाजी करायची म्हणजे हवा, गवत आणि चेंडूची झीज यांच्याशी रोज बोलणं. पुढच्याच वर्षी इंग्लंडविरुद्ध ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत त्याचं फळ दिसलं: सामन्यात 9 बळी, दुसऱ्या डावात 75 धावांत 5. राउंड द विकेट, म्हणजे यष्टींच्या दुसऱ्या बाजूने, येऊन डावखुऱ्या फलंदाजांना तो नको नको करत होता. एक चेंडू आत, एक बाहेर, आणि हाताच्या हालचालीत काही फरक नाही. भारताने ती मालिका जिंकली, इंग्लंडमध्ये 1986 नंतर प्रथमच. झहीर फलंदाजीला असताना खेळपट्टीवर जेली बीन्सच्या गोळ्या टाकल्या गेल्या, त्या भानगडीची चर्चाच जास्त झाली. मी मात्र संथ गतीतली चित्रं पुन्हा पुन्हा बघत होतो. शिवण ताठ, जराही डगमग नाही.

2011 च्या विश्वचषकात त्याचे 21 बळी, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वाधिक. वानखेडेवरच्या अंतिम सामन्यातला पहिला स्पेल सगळ्यांना आठवतो: 5 षटकं, 3 निर्धाव, 6 धावा आणि श्रीलंकेच्या थरंगाचा बळी. ती खेळपट्टी तयार केली होती सुधीर नाईक यांनीच. पण माझं मत विचाराल तर त्याच स्पर्धेतला बंगळूरचा बरोबरीत सुटलेला सामना त्याहून मोठा. 338 चा पाठलाग करताना इंग्लंड 2 बाद 281 वर होतं, सामना हातातून गेल्यासारखाच. झहीरने लागोपाठच्या दोन चेंडूंवर बेल आणि स्ट्रॉस यांना परत पाठवलं. जुना चेंडू दुसऱ्या हाताने झाकून धावत यायचा, म्हणजे चकाकी कुठल्या बाजूला आहे हे फलंदाजाला कळू नये. त्याच वर्षी इंग्लंडच्या दौऱ्यात लॉर्ड्स कसोटीच्या पहिल्याच दिवशी मांडीचा स्नायू दुखावून तो मैदानाबाहेर गेला आणि आपण ती मालिका 4-0 हरलो. एका गोलंदाजावर संघ किती टेकलेला होता, ते तेव्हा दिसलं.

92 कसोटींत 311 बळी. 2015 मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा भारतीय वेगवान गोलंदाजांत कपिल देव तेवढे पुढे होते. नंतर इशांत शर्माही 311 वरच थांबला.

आता आपल्या गोल्फ क्लब मैदानावर रणजी सामने होतात. नाशिकची माया सोनवणे 2022 च्या विमेन्स टी-20 चॅलेंजमध्ये लेगस्पिन टाकून आली. महोत्सवानिमित्त आमच्या बॅचने शाळेला नेट आणि मॅटिंग द्यायचं ठरवलं आहे. मुख्याध्यापकांना एकच विनंती: आठवड्यातले निम्मे दिवस ते नेट मुलींसाठी राखून ठेवावं. आपल्या शाळेची एखादी वेगवान गोलंदाज गोल्फ क्लबवर नवा चेंडू टाकताना मला बघायची आहे.