शाळेपर्यंतचे दोन किलोमीटर

गेल्या वर्षी जुलैतल्या एका सकाळी मुलीला सोडायला म्हणून मी शाळेसमोर गाडी उभी केली आणि मागच्या सीटवरचे तिचे दप्तर काढून देण्यासाठी, आरशात न पाहताच, माझ्या बाजूचे दार उघडले. नेमका त्याच वेळी मागून सायकलवरून येणाऱ्या आठवी-नववीतल्या एका मुलाने करकचून ब्रेक दाबला. ओल्या रस्त्यावर त्याची सायकल घसरली आणि तो आडवा झाला. माझ्या तोंडून शब्द फुटण्याआधीच तो उठला, पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत धरून त्याने वाकडे झालेले हँडल सरळ केले, "काही नाही झालं काकू" म्हणाला आणि सोललेला गुडघा घेऊन शाळेत गेला.

रस्ता धोक्याचा आहे, म्हणून मी मुलीला रोज गाडीने सोडत होते. त्या दिवशी रस्त्यावरचा धोका मीच होते.

आमचे घर नवी मुंबईतल्या नेरूळमध्ये असून शाळा दोन किलोमीटरांच्या आत आहे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडको या सरकारी संस्थेने हे शहर वसवताना प्रत्येक नोडचे, म्हणजे नेरूळसारख्या उपनगराचे, सेक्टर पाडले आणि लहान मुलांना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, म्हणून शाळा, मैदान आणि दुकाने शक्यतो वस्तीच्या आतच ठेवली. नेरूळच्या एका अंगाला पाम बीच रोड आणि दुसऱ्या अंगाला सायन-पनवेल महामार्ग आहे. या दोन्ही रस्त्यांवर मी मोठ्या माणसालाही सायकल घालू देणार नाही. पण त्यांच्या मधल्या सेक्टरांतले रस्ते बऱ्यापैकी रुंद, सपाट आणि झाडांच्या सावलीतले आहेत. सकाळी सात वाजता त्यांवर जी गर्दी दिसते, त्यातली बरीचशी आपल्याच मुलांना सोडायला निघालेल्या आपल्यासारख्या पालकांची असते.

त्या प्रसंगानंतर सातवीतल्या मुलीला सायकलने पाठवायचे ठरवले. मात्र "जा" म्हणून मोकळे होणे मला जमणारे नव्हते. चार रविवार आम्ही दोघी दोन सायकलींवर तोच रस्ता सकाळी गेलो-आलो. पहिल्या दोन फेऱ्यांत मी पुढे आणि ती मागे, नंतरच्या दोन फेऱ्यांत ती पुढे आणि मी मागे. मागून पाहताना लक्षात आले, की तिला सायकल उत्तम चालवता येत होती, पण रस्ता वाचता येत नव्हता. उभ्या गाड्यांना ती इतकी खेटून जाई, की एखादे दार उघडले असते तर थेट तिच्या हातावरच आले असते. उजवीकडे वळताना ती आधी वळे आणि मग मागे पाही. थांबलेल्या बसच्या पुढून ती अशी निघे, की ड्रायव्हरला दिसणेच शक्य नव्हते. बोलून सांगितलेले दुसऱ्या वळणापर्यंत विसरले जाते, त्यामुळे तेच वळण पुन्हा पुन्हा घेण्यावाचून इलाज नव्हता. नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गांत मुलांची वाहतूक नियमांची परीक्षा होते आणि अनेक ठिकाणी प्रत्यक्ष रस्त्यावर सायकल चालवूनही दाखवावी लागते. तिथले रस्तेही काही पहिल्यापासून मुलांचे नव्हते. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर चारशेहून अधिक मुले दगावली, त्यानंतर पालक रस्त्यावर उतरले आणि पुढे रस्ते बदलत गेले.

याच काळात मी स्वतःला एक सवय लावून घेतली. आता गाडीचे उजवे दार मी डाव्या हाताने उघडते. तसे केले की खांदे आपोआप वळतात आणि नजर मागे जाते.

सायकल निवडताना घरात थोडी वादावादी झाली. हल्ली मुलांना जाड टायरची, गिअरची आणि मडगार्ड नसलेली सायकल हवी असते. ती दिसायला रुबाबदार असते, पण मुंबईच्या पावसात पाठीवर चिखलाचा पट्टा उमटवण्याखेरीज तिचा शाळेला फारसा उपयोग नाही. सपाट रस्त्यावरच्या दोन किलोमीटरांना गिअर लागत नाहीत. लागतात ते मडगार्ड, चेन कव्हर, घंटी, मागचा लाल दिवा आणि कॅरिअर. कॅरिअर विशेष महत्त्वाचे, कारण जड दप्तर पाठीवर घेऊन निघालेले मूल वळणावर तोल सावरण्यातच गुंतलेले असते. पावसात रिमचे ब्रेक उशिरा लागतात आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे व गटारांची लोखंडी झाकणे निसरडी होतात, हेही मुलांना आधीच सांगायला हवे. धो धो पाऊस असेल त्या दिवशी सरळ रिक्षा करावी. त्यात हार मानण्यासारखे काही नाही.

किशोरवयातल्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. सायकल धोक्याची म्हणणारे पालकच दहावी-अकरावीतल्या मुलाच्या हाती क्लासला जाण्यासाठी स्कूटरची किल्ली देतात, हे मला आमच्याच सोसायटीत रोज दिसते. कायद्याने सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीसाठी, आणि पार्किंगमधल्या बहुतेक स्कूटर त्याच्या दुपटीहून मोठ्या असतात. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सायकलला परवाना लागत नाही, इतके साधे उत्तर समोर असताना आपण मुलाला कायदा मोडायला शिकवतो.

मुलींच्या बाबतीत मला आणखी खटकते. बिहार सरकारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार त्यामुळे माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. शाळा लांब असलेल्या गावांत तर परिणाम अधिक ठळक होता. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात. तिकडे सायकल आली म्हणून मुली नववीत जातात, आणि आमच्याकडे नववी आली की मुलींची सायकल जिन्याखाली जाते. माझ्या मुलीसोबत आता आमच्याच सेक्टरमधल्या आणखी तिघीजणी निघतात. चौघी एकामागून एक जात असल्या, की रिक्षावालेही जरा दमाने घेतात, हा माझा अनुभव आहे.

शाळेने सुरुवातीला सायकली आत ठेवायला नकार दिला आणि चोरी झाल्यास जबाबदारी कोणाची, असा प्रश्न विचारला. आम्ही चार पालकांनी लेखी हमी दिल्यावर वॉचमनच्या केबिनशेजारी आठ सायकली मावतील एवढी जागा मिळाली. तिथे छप्पर नाही, म्हणून मुली सीटवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून ठेवतात. गेल्या आठवड्यात तिथे नववी सायकल लागली. वॉचमनने ती भिंतीला टेकवून उभी करू दिली.

आमच्या सायकलच्या मागच्या मडगार्डचा स्क्रू मात्र पडला आहे, आणि उद्या सकाळी पांढरा युनिफॉर्म आहे. तेव्हा दुकान बंद होण्याआधी मला निघायला हवे.