आमची वाटचाल : थंडी येण्याआधीचे दोन महिने

बागांची निगा राखायचं काम मी आणि माझ्या धाकट्या भावाने सुरू केलं, तेव्हा वर्षातले जेमतेम सात महिनेच आमच्या हाताला काम असायचं. वसंतात वाफे तयार करायचे, उन्हाळ्यात हिरवळ कापायची, कुंपणाची छाटणी करायची. पानं पिवळी पडू लागली की फोन बंद. "आता बागेत काय काम उरलंय? पालवी फुटली की कळवू," असं सांगून एकेक गिऱ्हाईक कमी व्हायचं. आम्हालाही ते पटायचं. पानगळ म्हणजे अवजारं धुऊन, तेल लावून ठेवायचे दिवस, अशीच आमची समजूत होती.

ती समजूत एका लिंबाने मोडली.

पहिल्याच वर्षी कडाका पडायच्या बेतात असताना एका आजोबांचा निरोप आला. त्यांना प्रवासाला जायचं होतं आणि कुंड्यांतली नाजूक झाडं झाकून द्यायची होती. त्यात अठरा वर्षांचं एक लिंबाचं झाड होतं. आम्ही जाड प्लास्टिक आणलं, झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत गुंडाळलं आणि सुतळीने करकचून बांधलं. काम चोख झालं असं समजून निघून आलो. आजोबा परतल्यावर आम्ही ते सोडायला गेलो, तर आत पाण्याचे थेंब ओघळत होते. जिथे जिथे प्लास्टिक पानांना चिकटलं होतं तिथे पानं काळी पडली होती, बाकीची हात लावताच गळाली. बुंध्याशी करडी बुरशी कापसासारखी फुलली होती. भावाने नखाने साल जरा खरवडली. जिवंत फांदीला सालीखाली ओलसर हिरवा पापुद्रा दिसतो. इथे तपकिरी होतं. तो खाली खाली खरवडत गेला. "ताई, पार मुळापर्यंत गेलंय," एवढंच म्हणाला.

आम्ही नवं झाड आणून देतो म्हणालो. आजोबा नको म्हणाले. "झाड थंडीने नाही गेलं रे पोरांनो, गुदमरून गेलं. पुढच्या वर्षी पानगळ लागली की माझ्याकडे या, बांधायचं कसं ते मी शिकवतो. बांधायच्या आधी काय करायचं ते जास्त महत्त्वाचं आहे." आमचा धंदा खऱ्या अर्थाने सुरू झाला तो त्या दिवसापासून, असं मी मानते.

पुढच्या पानगळीत त्यांनी पहिल्यांदा हातात ठेवला तो तापमापक, किमान आणि कमाल दोन्ही तापमानं दाखवणारा. अशी जोडरचना जेम्स सिक्स यांनी 1780 च्या सुमारास केली, आणि माळ्याला त्याहून उपयोगी उपकरण मी अजून पाहिलेलं नाही. रात्री पारा कुठवर उतरला ते सकाळी कळतं, त्यासाठी जागत बसावं लागत नाही. आम्ही एकाच बागेत दोन लावले, एक घराच्या भिंतीलगत आणि एक उताराच्या तळाशी कुंपणाजवळ. महिनाभराच्या नोंदी समोर ठेवल्या तेव्हा तळाचा आकडा निरभ्र रात्री हमखास खाली असायचा, कधी दोन अंशांनी, कधी चार. ढगाळ रात्री मात्र दोन्ही जवळपास सारखे.

कारण समजलं की बाग वेगळीच दिसायला लागते. आभाळ मोकळं असलं आणि वारा पडला की जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते, जमिनीलगतची हवा गार होते. ढग असले तर ते पांघरुणाचं काम करतात. गार हवा जड असते, म्हणून ती पाण्यासारखी उताराने वाहत येते आणि खोलगट जागी साचते. वाटेत दाट कुंपण आलं तर बांधाआड तुंबावी तशी तुंबते. त्या बागेत आम्ही कुंपणाच्या तळाशी हातभर मोकळी जागा केली. गार हवेला पुढे वाट मिळाली आणि तिथली फ्युशियाची नाजूक फुलझुडपं त्या वर्षी तगली. तेव्हापासून नवी बाग हाती घेतली की आम्ही आधी तिचा थंडीचा नकाशा काढतो. कुठे दंव आधी गोठतं, कुठली भिंत दिवसभर ऊन खाऊन रात्री ते परत देते, कुठल्या कोपऱ्यात सकाळचं पहिलं ऊन पडतं. हा शेवटचा मुद्दा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कॅमेलियाच्या गोठलेल्या कळ्यांवर सकाळी सकाळी ऊन आलं की त्या तपकिरी होतात. म्हणून कॅमेलिया आम्ही पूर्वेला तोंड करून कधी लावत नाही.

पाना-खोडाच्या आत काय होतं हेही त्याच काळात नीट समजून घेतलं. बर्फ सहसा आधी पेशींच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत धरतो आणि पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी आतून सुकते, तिचं आवरण फाटतं. ऊन आल्यावर पान उकडल्यासारखं लिबलिबीत, काळपट दिसतं ते यामुळे. काटक झाडं दिवस लहान होऊ लागले आणि गारवा वाढला की आपोआप याची तयारी करतात, नवी वाढ थांबवतात, फांद्या जून होतात. नाजूक झाडांना ही तयारी फारशी जमत नाही. आणि आपण जर त्या दिवसांत नत्राचं खत दिलं किंवा हौसेने छाटणी केली, तर काटक झाडालाही कोवळे फुटवे येतात. पहिल्या कडाक्यात नेमके तेच करपतात. म्हणून उन्हाळा सरत आला की आम्ही नत्र बंद करतो आणि नाजूक झुडपांना कात्री लावत नाही. हायड्रेंजियाची वाळलेली फुलं तशीच राहू देतो, ती खालच्या कळ्यांवर छत्री धरतात. "बाग गबाळी दिसते," अशी तक्रार येते. आम्ही शांतपणे कारण सांगतो, आणि वसंतात फुलं आल्यावर तक्रार राहत नाही.

डेलियाबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण आमच्या कामाला नाव मिळालं ते डेलियामुळे. हे मेक्सिकोचं झाड, त्या देशाचं राष्ट्रीय फूल. त्याचे कंद गोठलेल्या ओल्या मातीत कुजतात. लोक घाई करून पानं हिरवी असतानाच कंद उपटतात. आम्ही पहिल्या गोठलेल्या दंवाची वाट बघतो. एका रात्रीत पाला काळा पडतो, तेव्हा वाढ पुरती थांबली असं समजायचं. मग खोड वीतभर ठेवून कापायचं आणि काटेफावडा बुंध्यापासून फूटभर लांब घालून सगळा गड्डा हळूच उचलायचा. कंदाची मान मोडली तर तो कंद गेला, कारण पुढचे डोळे मानेशी, खोडाच्या तळाला असतात. जाड कंद कितीही टपोरा असला तरी डोळा नसेल तर त्याला कोंब येत नाही. डेलियाचं खोड पोकळ असतं, त्यात पाणी राहतं. म्हणून गड्डे उलटे करून आठवडाभर सावलीत निथळत ठेवायचे. नंतर कोरड्या वाळूत किंवा लाकडाच्या भुश्यात, अंधाऱ्या आणि पाच-सात अंश राहील अशा जागी.

दुसऱ्या वर्षी आमच्याकडून मोठी चूक झाली. तीन बागांचे कंद एकाच दिवशी काढले आणि चिठ्ठ्या कंद धुतल्यावर लावू म्हटलं. धुतलेले कंद सगळे सारखे दिसतात. पुढच्या उन्हाळ्यात एका बाईंच्या पांढऱ्या वाफ्यात गडद लाल फुलं आली. त्या वाफ्यात त्या वर्षानुवर्षं फक्त पांढरा रंग जपत होत्या. आम्ही माफी मागितली, त्यांच्याकडचे कंद शोधून काढायला पुढचा अख्खा मोसम लागला. आता फूल झाडावर असतानाच खोडाला चिठ्ठी बांधली जाते, आणि चिठ्ठी बांधल्याशिवाय त्या वाफ्यात कोणी फावडं घालत नाही.

ग्लॅडिओलसचं काम त्यामानाने सोपं. पानं पिवळी पडली की कंद काढायचे, दोन-तीन आठवडे वाळवायचे, खालचा सुकलेला जुना कंद हाताने वेगळा करायचा. कर्दळीचे गड्डे मात्र पार कोरडे होऊ द्यायचे नाहीत, किंचित ओल लागते.

तिसऱ्या वर्षी एका गिऱ्हाइकाने विचारलं, "माझ्याकडे आत जागाच नाही. कुंड्या तुमच्याकडेच ठेवून घ्याल का?" आमच्याकडे जुनी शेड होती. छताला पॉलिकार्बोनेटचे पत्रे घातले, फटी बुजवल्या, आणि त्या हिवाळ्यात चाळीस कुंड्या मुक्कामाला आल्या. ही कल्पना आमची नव्हेच. फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यात 1684 ते 1686 या काळात संत्र्याच्या झाडांसाठी खास दालन बांधलं गेलं. मोठमोठ्या लाकडी पेट्यांतली झाडं थंडीपुरती आत आणायची, उन्हाळ्यात पुन्हा बाहेर. जाड भिंती, दक्षिणेकडे उंच खिडक्या आणि बंदिस्त हवा, एवढ्यावर आतला पारा गोठणबिंदूच्या वर राहतो. हे वाचलं तेव्हा आपण योग्य वाटेवर आहोत असा धीर आला.

तरी शेडच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही रॉकेलची शेगडी लावून शेड घट्ट बंद ठेवली. रॉकेल जळताना पाण्याची वाफही तयार होते हे ध्यानातच आलं नाही. पंधरवड्यात छतावरून थेंब गळायला लागले आणि जिरॅनियमवर तीच करडी बुरशी आली, लिंबावर होती तीच. आजोबांचं "गुदमरून" पुन्हा ऐकू आलं. आता विजेचा हीटर आहे, पाच अंशांच्या खाली गेलं तरच चालू होतो. एक लहान पंखा हवा खेळती ठेवतो, आणि ऊन असेल त्या दुपारी खिडक्या तासभर उघड्या असतात, बाहेर कितीही गार असलं तरी. पाणी अगदी बेताचं. बोट दोन पेरं मातीत घालायचं, कोरडं लागलं तरच घोटभर. हिवाळ्यात मुळं जेमतेम पाणी ओढतात, राहिलेलं पाणी मुळं कुजवतं. इतक्या वर्षांत आमच्या शेडमध्ये जितकी झाडं गेली, त्यांतली बहुतेक ओलीने गेली. थंडीने गेलेली मला बोटांवर मोजता येतील.

बाहेर राहणाऱ्या झाडांसाठी प्लास्टिक आम्ही कायमचं सोडलं. क्रॉप कव्हर वापरतो, न विणलेलं पांढरं हलकं कापड. त्यातून हवा आणि उजेड जातो. चौरस मीटरला 17 ग्रॅमचं कापड साधारण दोन अंशांचा आधार देतं, त्याहून कडक थंडीला 30 ग्रॅमचं किंवा दुहेरी घालायचं. भोवती काठ्या रोवून कापड पानांना टेकणार नाही असं ताणायचं आणि कडा जमिनीवर दाबायच्या, कारण जी ऊब अडवायची ती जमिनीतूनच येते. केळीला जाळीचा पिंजरा करून आत कोरडा पेंढा भरतो, वर पाऊस जाणार नाही असं झाकण, बाजू मोकळ्या. कुंडीतल्या मुळांना चारही बाजूंनी गारठा लागतो. म्हणून कुंड्या एकमेकींना खेटून भिंतीशी ठेवायच्या, गोणपाट गुंडाळायचं, खाली विटांचे तुकडे द्यायचे. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं. निचरा न झालेली मातीची कुंडी त्यानेच तडकते.

आणि पालापाचोळा. पूर्वी आम्ही तो गोण्या भरभरून टाकून देत होतो, आज त्याची मला खंत वाटते. आता ओला करून, भोकं पाडलेल्या पिशव्यांत कोपऱ्यात ठेवतो. दीड-दोन वर्षांत काळं, भुसभुशीत, जंगलाचा वास येणारं खत तयार होतं. तेच बुंध्यापासून चार बोटं सोडून दोन-तीन इंच अंथरतो. बुंध्याला टेकवलं तर साल कुजते.

आज आम्ही सात जण आहोत आणि पानगळीचे दोन महिने आमचे सर्वांत गर्दीचे. सगळ्यांना सगळं झाकून द्यायचं काम आम्ही घेत नाही. गुलाब काटक आहे, त्याला गुंडाळायची बहुधा गरज नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो, बिल कमी झालं तरी. जिरॅनियम, फ्युशिया यांच्या फांद्या उन्हाळा संपतानाच लावून घ्यायला सांगतो. मोठं झाड गेलंच, तर खिडकीत चार रोपं शिल्लक असतात. वसंतात कुंड्या परत देतानाही घाई करत नाही. दहा-बारा दिवस दिवसा बाहेर, रात्री आत, मगच रवानगी. उशिरा पडलेलं एक दंव कोवळ्या पालवीचं सबंध हिवाळ्यापेक्षा जास्त नुकसान करतं.

आजोबांनी त्यांचा तापमापक आम्हाला देऊन टाकला. तो शेडच्या दाराशी उत्तरेच्या भिंतीवर आहे आणि सकाळची नोंद अजून भाऊच करतो. आजचं किमान तीन अंश. बाहेर डेलिया अजून हिरवे आहेत, चिठ्ठ्या बांधून झाल्यात, वाळूची खोकी दारात काढून ठेवलीत. रात्री आभाळ मोकळं असणार आहे.