मिथेनपासून लॅक्टिक आम्ल : बाटलीपासून फर्मेंटरपर्यंत माझा अनुभव

मिथेन खाणाऱ्या जिवाणूत जनुक घालून त्याच्याकडून लॅक्टिक आम्ल करून घ्यायचं, असं हे काम. त्यात उतरणाऱ्याला धास्ती असते ती जनुक घालण्याची. मला विचाराल तर खरी डोकेदुखी वायू पाण्यात विरघळवण्याची.

जिवाणू निवडला मिथायलोट्युव्हिमायक्रोबियम बुर्याटेन्स, त्याचा ५जीबी१सी हा वाण. मूळचा सोडा सरोवरातला; पीएच ९ ते ९.५ आणि लिटरला ७.५ ग्रॅम मीठ त्याला मानवतं, उपऱ्या जंतूंना सहसा नाही. फॉस्फेट आणि कार्बोनेट वेगळे ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करून थंड माध्यमात, म्हणजे जिवाणू वाढवायच्या द्रवात, घालायचे, नाहीतर साका बसतो. तांबं हवंच, मिथेनचं मिथेनॉल करणारं त्याचं एन्झाइम तांब्यावर चालतं. मिथेन स्वस्तातला नको: ॲसिटिलीनचा अंशही ते एन्झाइम कायमचं निकामी करतो.

लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचं क्षाररूप) बनवणाऱ्या लॅक्टेट डीहायड्रोजिनेज या एन्झाइमचं जनुक असलेला प्लाझमिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ, ई. कोलाय एस१७-१ या जिवाणूमधून कॉन्जुगेशनने, म्हणजे पेशीतून पेशीत थेट, दिला. मीठ कमी केलेल्या प्लेटवर दोघांना ४८ तास मिथेनमध्ये एकत्र ठेवलं. नंतरच्या प्लेटमध्ये दोन प्रतिजैविकं: कॅनामायसिन प्लाझमिड नसलेल्यांना अडवतं, रिफामायसिन ई. कोलायला. निवडलेली कॉलनी मिथेनविना न्यूट्रिएंट अगारवर रेघून बघाच. आपला जिवाणू तिथे वाढत नाही, म्हणून काही उगवलं तर कल्चर शुद्ध नाही.

आता बाटली. २५० मिलिची सीरम बाटली, ५० मिलि माध्यम, ब्युटाइल रबरी बूच. वरच्या २०० मिलि जागेतली ५० मिलि हवा काढून तितकाच मिथेन ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून आत सोडायचा. ३० अंश, २०० आरपीएम. उरलेल्या १५० मिलि हवेत ऑक्सिजन जेमतेम ३१ मिलि. एक भाग मिथेनला सव्वा ते दीड भाग ऑक्सिजन लागतो, म्हणजे निम्माही मिथेन संपण्याआधी ऑक्सिजन संपतो. तसं झालं की मिथेनखाऊ जिवाणू मुळातच ॲसिटेट, फॉर्मेट, थोडं लॅक्टेट बाहेर टाकू लागतात. रिकाम्या (लॅक्टेटचं जनुक नसलेल्या) प्लाझमिडची बाटली तुलनेला शेजारी नसेल, तर एचपीएलसीवरच्या, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावरच्या, लॅक्टेटच्या शिखराला काही अर्थ नाही. वायू रोज बदलावा.

अमेरिकेतल्या एनआरईएल या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेच्या गटाने २०१६ मध्ये याच जातीकडून ५ लिटरच्या फर्मेंटरमध्ये (वायू सोडायची आणि ढवळायची सोय असलेल्या टाकीत) लिटरला ०.८ ग्रॅम लॅक्टेट मिळवलं. ग्रॅम मिथेनमागे ०.०५ ग्रॅम. आकडा लहान वाटतो, पण २० टक्के मिथेनखाली लिटरभर पाण्यात जेमतेम ४ मिलिग्रॅम विरघळतो हे लक्षात घ्या. बुडबुडे बारीक करून ढवळणं वाढवलं की वाढ सुधारते, पण फेस चढतो. अँटिफोम (फेस मारणारं द्रव्य) जास्त पडलं की वायूचं विरघळणं पुन्हा घटतं, म्हणून ते थेंबाथेंबानेच. बाहेर पडणारा वायू फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात) सोडावा, कारण हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की ठिणगी पुरते.