मायला गावात एकटं का ठेवलं

हे मला पहिल्यांदा तेरवीच्या दिवशी विचारलं गेलं, जेवणं उरकायच्या आधीच. मग स्टाफरूममध्ये, लग्नकार्यात, हळदीकुंकवात. मुलगी नागपुरात मास्तरीण, जावई कमावता, घर स्वतःचं, मग सत्तरीच्या मायला देवळी तालुक्यातल्या त्या कवेलूच्या घरात एकटं का ठेवलं? रात्री अंगणात पडली आणि सकाळी दूध द्यायला आलेल्या पोराला दिसली, असं मरण तिच्या वाट्याला का आलं? पुण्याला असलेल्या माझ्या भावाला हे कोणी इतकं खोदून विचारत नाही. मला विचारतात.

आजवर मी एकच उत्तर देत आले : तिलाच यायचं नव्हतं. ते खरं आहे. पण त्या उत्तरामागे मी बरंच काही झाकून ठेवलं, म्हणून आज लिहिते.

तिचं लग्न 1971 च्या उन्हाळ्यात झालं. साल तिला आठवायचं नाही, पण कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली त्याच्या आदल्या वर्षी आपण या घरात आलो, हे पक्कं ठाऊक होतं. ती सरकारी खरेदी 1972 ची. तिच्या आयुष्याचा हिशोब असाच चालायचा. माझा जन्म कोणत्या साली हे विचारलं की सांगायची, कापसाच्या पैशाचा चुकारा उशिरा आला आणि बाळंतविड्याला पैसे नव्हते त्या साली. बाबा गेले तेव्हा मी नववीत होते. चार एकर वावर तिनं मक्त्यानं दिलं नाही, स्वतः केलं. पराटी म्हणजे कपाशी, तूर, धुऱ्याला अंबाडी. ज्वारीचं आणि तुरीचं बियाणं शेवटपर्यंत घरचंच, मडक्यात राख घालून ठेवलेलं. कापूस वेचून वेचून तिच्या नखांच्या कडा फाटलेल्या असायच्या. वाळलेल्या बोंडाची टोकं नेमकी तिथेच घुसतात. रात्री दिव्याजवळ बसून त्या भेगांत ती खोबरेल भरायची, आणि त्याच हातानं माझी वेणी घालायची. केस अडकायचे, दुखायचं, मी चिडायचे. मी डी.एड. झाले ती त्या हातांवर. हे कोणाला सांगताना मला कमीपणा वाटत नाही, पण जीव भरून येतो, म्हणून सहसा सांगत नाही.

आता नागपूरचं.

2022 च्या जूनमध्ये तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मी तिला घरी आणलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पहिले पंधरा दिवस छान गेले. माझ्या सहा वर्षांच्या मुलाला ती पोळ्यात म्हणायच्या झडत्या शिकवायची, आणि तो त्या शाळेत म्हणून दाखवायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरांचा तान्हा पोळा असतो, त्यासाठी त्याला लाकडी बैल हवा होता. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे गावाचा तान्हा पोळा केवढा मोठा, तिथले लाकडी बैल माणसाच्या डोक्याच्या वर जातात, हे तिनं त्याला इतकं रंगवून सांगितलं की त्याला घरातला वीतभर बैल आवडेनासा झाला. आजी म्हणून ती अशी होती. माय म्हणून माझ्या वाट्याला तेवढी फुरसत कधी आली नव्हती. मला त्याचा थोडा हेवाही वाटला.

मग एक दिवस ती भाजी आणायला एकटी खाली उतरली. आमच्या भागातल्या सगळ्या इमारती एकाच रंगाच्या. दीड तासानं दूधवाल्या दादांनी तिला आणून सोडलं. रिंगरोड ओलांडून पलीकडे गेली होती. डोळ्यावर अजून काळा चष्मा. त्या दिवसापासून मी सकाळी शाळेत जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायला लागले. नवरा साडेआठला, मुलगा त्याच्यासोबत. म्हणजे साडेआठ ते एक माय कुलपाच्या आत. तुम्ही म्हणाल, बाई ठेवायची होती. ठेवली होती, चार दिवस आली. शेजारी चावी द्यायची होती. तेव्हा सुचलं नाही. तिला सांगायचं तरी होतं. तेही केलं नाही. तिला कळणारच नाही असं मी धरून चालले होते, कारण ती स्वतःहून दाराकडे जायची नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी. आमच्याकडे त्या दिवशी बैलांना आंघोळ घालतात, खांद्याला तूप-हळद चोळतात, पळसाच्या पानानं शेकतात आणि त्यांना आवतन देतात : आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आमची जोडी विकून तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती, तरी माय दरवर्षी काकूच्या गोठ्यात जाऊन त्यांच्या बैलांना आवतन द्यायची.

त्या दिवशी शाळेत मीटिंग लांबली. घरी पोचायला तीन वाजले. कुलूप काढलं, दार ढकललं, तर ते कशाला तरी अडलं. माय दाराला पाठ लावून खाली बसली होती. शेजारी वाटी, वाटीत हळद कालवलेलं तूप. दुपारी गॅलरीतून तिला घंटा ऐकू आल्या होत्या. बेसा रोडकडून कोणीतरी बैलजोडी घेऊन आमच्या गल्लीतून गेला असेल. ती वाटी घेऊन दाराशी आली, कडी काढली, दार उघडेना. दाराच्या आतल्या बाजूला कडीभोवती, खाली, चौकटीपर्यंत हळदीची बोटं उमटली होती. पांढरा ऑइलपेंट, त्यावर पिवळे ओरखडे. फाटक्या नखांचे म्हणून मधे मधे तुटलेले.

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, ''दार बिघडलं वाटते वं.''

मी हो म्हटलं.

तिनं माझ्या हातातल्या कुलपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. परत काही विचारलं नाही. उठताना माझा हात धरला नाही, भिंत धरली. संध्याकाळी म्हणाली, ''उद्या मले एसटीत बसवून दे.'' दुसऱ्या दिवशी पोळा होता, मुलाचा हट्ट होता, म्हणून तान्हा पोळा होईपर्यंत ती थांबली. त्यानंतर मीच तिला गावी सोडून आले.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं, तिची इच्छा होती. माझी तेव्हाची बाजू अजून माझ्याशी भांडते : नोकरी सोडली असतीस का? घराचे हप्ते कोणी भरले असते? तिला गावात चार बाया बोलायला होत्या, आशाताई शुगर तपासून जायच्या, काकूची भिंत लागून होती. हे सगळं बरोबर आहे. पण परतीच्या बसमध्ये मला हलकं वाटलं होतं, हेही खरं आहे. सकाळी कुलूप शोधावं लागणार नाही, एवढ्यानं हलकं वाटलं. ते हलकेपण मला अजून माफ करता येत नाही. आणि पुन्हा तसाच प्रसंग आला तर मी वेगळं वागेन, असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. गावात ती सुखी नव्हती असं मला कोणी सिद्ध करून दाखवलेलं नाही. नागपुरात ती जगली असती, हेही नाही.

रोज रात्री आठला फोन करायचे. ती वावराचं सांगायची, मी मुलाचं. त्या दुपारचं दोघींनी कधी काढलं नाही. त्यासाठी आमच्या हाताशी जवळजवळ दोन वर्षं होती.

2024 च्या पावसाळ्यात ती गेली. तेरवीच्या रात्री भांडी घासताना काकू म्हणाली, ''तुही माय रोज पाचच्या एसटीले जाऊन बसे. तू येशीन म्हणून.'' मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. तेवढ्यात पलीकडच्या आत्याबाई म्हणाल्या, ''काहीतरी नको सांगू पोरीले. सगळ्या बायाच बसतात तिथं. हवा लागते म्हणून जाये ते.''

दोघी तिच्या चाळीस वर्षांच्या शेजारणी. दोघीही खोटं बोलणाऱ्या नाहीत.