टेन्शनचं मॅग्नेशियम

काल दुपारी समोरच्या गल्लीतल्या काकू दुकानात आल्या आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "अरे, हे टेन्शनचं मॅग्नेशियम दे बघू." या महिन्यातलं हे चौथं गिऱ्हाईक. सांगलीत मेडिकल चालवून मला एकोणीस वर्षं झाली. आजवर मॅग्नेशियम मागायला यायचे ते पोट साफ होत नाही म्हणून.

हसण्यावारी नेता आलं असतं, पण गोष्ट अगदीच हवेतली नाही. मेंदूच्या पेशींवर एनएमडीए नावाची दारं असतात. पेशी निवांत असताना मॅग्नेशियमचा कण त्या दारात बुचासारखा बसलेला असतो; पेशी चांगली चेतली की मगच तो बाजूला होतो. हे 1984 मध्ये उलगडलं. भुलीचं केटामाइनही याच दारात अडकतं, आणि त्याने काही रुग्णांची उदासी काही तासांत उतरते. म्हणून संशोधकांची नजर या बुचाकडे वळली.

अमेरिकेत व्हरमाँटला 126 जणांवर एक प्रयोग झाला, 2017 साली छापून आला. रोज 248 मिलिग्रॅम मॅग्नेशियम, सहा आठवडे. उदासी कमी झाली. पण तुलनेला खोटी गोळी नव्हती, आणि दर दोन आठवड्यांनी फोनवर विचारपूस होत होती. मी आजारी होतो त्या वर्षी ताई रोज संध्याकाळी फोन करायची, नुसतं "जेवलास का?" विचारायला. त्यामुळे त्यातलं किती गोळीचं आणि किती फोनचं, मी तरी सांगू धजणार नाही.

"कोणासाठी हवंय, काकू?"

"पोरासाठी. दोन महिने झाले, खोलीतनं बाहेर येत नाही. आंघोळसुद्धा नको म्हणतो."

डबी परत फळीवर ठेवली. म्हटलं, शाळू असो की बाजरी, शंभर ग्रॅमात सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं, पांढऱ्या तांदळात जेमतेम वीस. भाकरी खाऊ घाला, पण त्याला आधी डॉक्टरांकडे न्या. औषधाच्या पाकिटामागे माझ्या मानसोपचारतज्ज्ञांचा नंबर लिहून दिला.

काकूंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "तू जातोस तिथं?"

"पाच वर्षं झाली."