न्यूयॉर्कची सनद आणि पक्षकाराचे पैसे

"मॅडम, तिकडची बारची परीक्षा फार अवघड असते का हो?" मी न्यूयॉर्कमध्ये वकिली करते, त्यामुळे पुण्यात आले की शिवाजीनगर कोर्टातले ज्युनियर सनदेच्या परीक्षेबद्दल हा प्रश्न हमखास विचारतात. याही खेपेला विचारला. उत्तर सोपं आहे. परीक्षा दोन दिवसांची. एका दिवशी 200 बहुपर्यायी प्रश्न, दुसऱ्या दिवशी सहा निबंधवजा उत्तरं आणि दोन मसुदे. 400 पैकी 266 गुण लागतात. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि जुलैत होते. आपल्या ऑल इंडिया बारच्या परीक्षेला बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे टिपांशिवायचं कायद्याचं मूळ पुस्तक, घेऊन बसता येतं, तिकडे सगळं डोक्यात ठेवून जायचं. जुलै 2028 पासून न्यूयॉर्कमध्ये परीक्षेचा ढाचाच बदलणार आहे, तेव्हा जुने प्रश्नसंच सेकंडहँड घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. पण परीक्षा म्हणजे परीक्षाच. लॉ कॉलेज रोडवर एटीकेटी सांभाळत वर्षं काढलेल्यांना अभ्यास काही नवीन नाही.

खरी गंमत परीक्षेच्या अलीकडे आणि पलीकडे आहे.

अलीकडे म्हणजे पात्रता. भारतीय पदवी चालते, कारण आपला कायदाही कॉमन लॉच्याच, म्हणजे इंग्रजी परंपरेच्याच घरातला. फक्त पदवी पुरेशा कालावधीची असावी लागते. त्यात कमी पडलं तर तिकडच्या विद्यापीठातून 24 क्रेडिटचं एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करून भरपाई करता येते. म्हणजे एलएलएम प्रत्येकालाच लागतं असं नाही, पण एजंट मंडळी तसं सांगतात. फी भरण्याआधी न्यूयॉर्कच्या परीक्षा मंडळाकडून आपल्या पदवीचं मूल्यमापन करून घ्या. त्याला वेळ लागतो. गुणपत्रकं मंडळाला थेट शिक्षणसंस्थेकडूनच जावी लागतात, आपण स्वतः पाठवून चालत नाही. त्यासाठी खिडकीवर किती हेलपाटे पडतात हे पुणेकरांना मी काय सांगू!

पलीकडे म्हणजे चारित्र्य. पास झालं की सनद घरी येत नाही. व्यावसायिक नीतीची वेगळी परीक्षा असते, तिला 85 गुण हवेत. न्यूयॉर्कच्या कायद्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम आणि त्याची परीक्षा वेगळी. 50 तास मोफत कायदेशीर सेवा केल्याचा दाखला लागतो. मग अपिली न्यायालयाची समिती मुलाखत घेते, कारण तिकडे सनद बार कौन्सिल देत नाही, न्यायालय देतं. आणि वकिलीशी संबंधित जिथे जिथे काम केलं, त्या प्रत्येक मालकाचं प्रतिज्ञापत्र मागतात. पुण्यातल्या ज्युनियरकडे ना नेमणूकपत्र, ना पगाराची स्लिप. महिनाअखेरीस सरांनी पाकिटात जे दिलं ते. माझे सर फॉर्म हातात धरून म्हणाले, "तू माझ्याकडे तारखा घेत होतीस, हे अमेरिकेला कशाला कळायला हवं?" तरी सही केली, आणि वर इंग्रजीतल्या दोन चुका सुधारून दिल्या.

मात्र प्रत्यक्ष प्रॅक्टिस सुरू झाल्यावर मला सगळ्यात वेगळं वाटलं ते पक्षकाराच्या पैशांचं. कोथरूडमध्ये फ्लॅट घेताना विसाराचा चेक आपण सरळ मालकाच्या नाहीतर बिल्डरच्या हातात देतो. वकील फारतर सर्च रिपोर्ट देतो आणि करारनामा वाचतो. न्यूयॉर्कमध्ये घराच्या व्यवहारात दहा टक्के रक्कम सहसा विकणाऱ्याच्या वकिलाकडे जमा होते आणि व्यवहार पुरा होईपर्यंत त्याच्याच एस्क्रो खात्यात, म्हणजे दुसऱ्याचे पैसे सांभाळायच्या वेगळ्या खात्यात राहते. मोठी रक्कम. ती माझी नाही, अजून विकणाऱ्याचीही नाही.

त्या खात्याचे नियम कडक आहेत. आपले पैसे आणि पक्षकाराचे पैसे एकत्र करायचे नाहीत, अगदी आठवडाभरासाठीसुद्धा नाही. रोख रक्कम काढता येत नाही, पैसे द्यायचे ते नाव घालूनच. खात्यावर सही करायला न्यूयॉर्कची सनद असलेला वकीलच हवा, हिशेब सांभाळणाऱ्या बाईंना सहीचा अधिकार देता येत नाही. वह्या सात वर्षं जपायच्या. रक्कम छोटी किंवा थोड्या दिवसांची असेल तर तिचं व्याज ना मला मिळतं ना पक्षकाराला. ते 1983 साली स्थापन झालेल्या राज्याच्या निधीत जातं आणि त्यातून गरिबांच्या दिवाणी दाव्यांना मदत होते. या खात्याचा चेक पुरेशा शिलकीअभावी परत गेला तर बँकच वर कळवते, पक्षकाराने तक्रार करायची वाट कुणी बघत नाही.

एवढं करूनही एखाद्या वकिलाने पैसे खाल्लेच, तर? त्यासाठी पक्षकार संरक्षण निधी आहे. एका नुकसानीपोटी चार लाख डॉलरपर्यंत भरपाई मिळू शकते. हा निधी भरतो कोण, तर आम्हीच. दर दोन वर्षांनी नोंदणीचे 375 डॉलर भरावे लागतात, त्यातले 60 तिकडे जातात. दुसऱ्याने केलेल्या चोरीची वर्गणी मी का भरावी, असं पहिल्यांदा भरताना मनात आलं होतं. आता तो खर्च मला रास्त वाटतो. पक्षकार अनोळखी वकिलाच्या खात्यात डोळे मिटून पैसे टाकतो, ते याच व्यवस्थेच्या भरवशावर. महारेरा आल्यापासून इथल्या बिल्डरला ग्राहकांच्या पैशांतले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. वकिलाच्या बाबतीत मात्र आपण अजून ओळखीपाळखीवर चालतो.

फीचंही तसंच. 3,000 डॉलर किंवा त्याहून जास्त होणार असेल तर काम काय, दर काय, वाद झाला तर लवादाकडे जाण्याचा हक्क, हे पत्रात लिहून द्यावं लागतं. "बघू नंतर, तुम्ही काय परके आहात का" हे वाक्य तिकडे चालत नाही.

एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्याला आधार कसला, हेही इथली मुलं विचारतात. पुण्यात आधार म्हणजे सर. मसुदा अडला, न्यायाधीश नवीन आले, पक्षकार भलतंच मागतोय, काहीही झालं तरी आधी सरांचं केबिन. तिकडे अशा कामासाठी संस्था आहेत. 1870 साली स्थापन झालेल्या न्यूयॉर्क सिटी बारची नीतिविषयक फोन सेवा आहे. माझ्यापुढे असा पेच आहे, मी काय करू, असं विचारता येतं. अट एवढीच की प्रश्न स्वतःच्या आणि पुढे करायच्या वागणुकीबद्दल हवा, शेजारच्या वकिलाच्या चुगल्या ऐकून घेत नाहीत. (हा नियम आपल्या बार रूमला लावला तर तिथे शांतताच पसरेल.) प्रत्येक काउंटीत (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात) सर्वांना खुलं असलेलं कायद्याचं ग्रंथालय आहे. दारू किंवा नैराश्यात अडकलेल्या वकिलांसाठी मदत आहे आणि तिथे बोललेलं कायद्यानेच गुप्त राहतं. शिवाय दर दोन वर्षांनी 24 तासांचं शिक्षण सक्तीचं, नवख्यांना 32. त्यातली काही व्याख्यानं रटाळ असतात, पण सायबर सुरक्षेचा तास माझ्या उपयोगी पडला.

पण फोनवरचा माणूस नियम सांगतो. समोरच्या वकिलाला चहा पाजून निम्मा वाद कसा मिटवायचा, हे सांगत नाही. ते मी शिवाजीनगरलाच शिकले.

ज्यांची इथे बऱ्यापैकी प्रॅक्टिस आहे, त्यांनी परीक्षेच्या मागे धावण्याआधी आणखी एक वाट बघावी. गेल्या पाचपैकी तीन वर्षं प्रॅक्टिस असेल तर न्यूयॉर्कमध्ये परीक्षा न देता परदेशी कायद्याचे सल्लागार म्हणून परवाना मागता येतो. कोर्टात उभं राहता येत नाही, अमेरिकी कायद्यावर स्वतःहून सल्ला देता येत नाही, पण भारतीय कायद्यावर देता येतो. आणि ते काम भरपूर आहे. आईवडील कर्वेनगरला, सोसायटीचं रीडेव्हलपमेंट निघालेलं, मुलगा न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये. त्याला मुखत्यारपत्र पाठवायचं असतं. आधी नोटरी, मग काउंटी क्लार्क, मग राज्याचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून दिलेला दाखला. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. तिकडचे वकील अपोस्टिलपर्यंत आणून सोडतात, इथले मुद्रांकापासून सुरुवात करतात, आणि मधल्या मध्ये कागद ड्रॉवरमध्ये पडून राहतो. दोन्ही टोकं माहीत असलेल्या वकिलाला तिथे काम मिळतं.